कडी कुठल्या बाजूला?

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं म्हणतात. टायपिस्टबाई गेली अठ्ठावीस वर्षं त्याच पायरीच्या वर, व्हरांड्यातल्या तिसऱ्या खांबापाशी टेबल टाकून पोट भरत होत्या. कोणी ही म्हण त्यांना ऐकवली की त्या म्हणायच्या, "नका चढू हो. पण आता चढलाच आहात, तर अर्ज तेवढा इथून टाइप करून न्या." टेबलावर जुना टाइपरायटर, कार्बन पेपरचा पत्र्याचा डबा, पाण्याची बाटली आणि खणात निळ्या पुठ्ठ्याची एक जाडजूड वही. आजूबाजूच्या सगळ्यांनी कॉम्प्युटर घेतले. बाईंनी नाही घेतला. "याला वीज लागत नाही आणि याचा पासवर्ड कोणी विसरत नाही," एवढंच त्यांचं म्हणणं.

वकील मंडळी त्यांना कोंडाबाई म्हणायची. आधी पाठीमागे, मग तोंडावर, आणि मग सगळ्यांनाच त्याची सवय झाली, बाईंनाही. कारण ती वही. लोक तिकिटं जमवतात, नाणी जमवतात, काहीजण तर नुसते गैरसमज जमवतात. बाई जमवायच्या कोंडण्याच्या जागा. माणसाला जिथे जिथे अडकवून ठेवतात त्या जागांचे इंग्रजी शब्द, एका पानावर एक. जेल, प्रिझन, लॉकअप, सेल, कस्टडी, रिमांड होम, असायलम, क्वारंटाइन. घरी धाकटी बहीण म्हणायची, "ताई, अगं कधीतरी मोकळ्या जागांचीही वही कर." त्यावर बाई म्हणायच्या, "मोकळ्या जागेतून कोणी अर्ज करतं का गं?"

सुरुवातीला ही हौस नव्हती. सुरुवात एका चुकीने झाली, आणि ती चूक टायपिस्टनेच करावी अशी होती. टायपिस्ट अर्ज रचत बसत नाही. कालच्या अर्जाची कॉपी समोर ठेवायची, नाव बदलायचं, तारीख बदलायची आणि बाकीचं जसंच्या तसं बडवायचं. बाई तेव्हा नव्या होत्या. इंग्रजी बोटांना येत होतं, डोक्याला येत नव्हतं. एका सुताराची बायको आली. नवऱ्याची दम्याची औषधं आत पोचवायची परवानगी हवी होती. बाईंनी आदल्या दिवशीची कॉपी पुढे ओढली, नाव बदललं, तारीख बदलली. कॉपीत होतं 'प्रिझन', आणि सुतार होता पोलिसांच्या लॉकअपमध्ये. अर्ज गेला मोठ्या तुरुंगाकडे. तिथल्या साहेबांनी सावकाश आठ दिवसांनी शेरा मारला, की असा कोणी इसम इथे नाही. तोवर इकडे सुतार धापा टाकून अर्धा झाला होता. वाचला बिचारा, पण नशिबाने.

तो शेरा मारलेला कागद घेऊन ती सुतारीण टेबलापाशी आली. ना भांडली, ना रडली. तिने फक्त विचारलं, "मग मी कुठे जायला हवं होतं?"

 बाईंना तेव्हा जेल काय, प्रिझन काय आणि लॉकअप काय, सगळं एकच वाटत होतं. शरमेने मान वर होईना. त्या दिवशी त्यांनी कानाला खडा लावला, की ज्या जागेचा अर्थ मला ठाऊक नाही, ती जागा मी टाइप करणार नाही. मग गिऱ्हाईक गेलं तरी बेहत्तर.

अर्थ विचारायला फार लांब जावं लागलं नाही. शेजारच्या खांबापाशी मास्तर बसायचे. शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले, आता लोकांना त्यांचे कागद वाचून दाखवायचे. त्यांच्याकडे उशीएवढा जाड शब्दकोश होता आणि दुपारी ते खरोखरच तो उशाला घ्यायचे. शब्दाचं कूळ विचारलं की मास्तरांची कळी खुलायची.

"डंजन म्हणजे काय हो मास्तर?"

"तळघरातली अंधारकोठडी. पण गंमत ऐका. मूळचा हा बुरूज. किल्ल्यातला सगळ्यात उंच, सगळ्यात भक्कम बुरूज. धनी राहायचा त्यात."

"मग तळघरात कसा गेला?"

"घसरला. शब्दही घसरतात हो, माणसांसारखे."

क्वारंटाइन म्हणजे मुळात चाळीस दिवस. परदेशातून आलेलं जहाज तेवढे दिवस बंदराबाहेरच थांबवायचे, साथ गावात शिरू नये म्हणून. सेल म्हणजे कैद्याची कोठडी, पण त्याआधी मठातल्या साधूची खोली. "म्हणजे साधूला आणि चोराला खोली एकच," बाई म्हणाल्या, "फक्त चोराला भाडं पडत नाही." पेनिटेन्शरी म्हणजे पश्चात्तापाची जागा. हे ऐकल्यावर बाईंनी सात वर्षं आत काढून आलेल्या एका गृहस्थाला गाठलं आणि विचारलं, की झाला का पश्चात्ताप? "झाला की," तो म्हणाला, "पकडला गेलो याचा."

इथेच बाईंच्या लक्षात आलं, की शब्दकोशात शब्द बाहेरून दिसतो. आतून कसा असतो ते मास्तरांनाही ठाऊक नाही. ते आत जाऊन आलेल्याला विचारायला हवं. पण आत जाऊन आलेला माणूस सरळ सांगेल तर शपथ. एक तर रडतो, नाहीतर फुशारक्या मारतो. मग बाईंनी तीन साधे प्रश्न ठरवले. कडी कुठल्या बाजूला असते? पायात चप्पल कोणाची? आणि दिवा कोण मालवतं? एवढंच. लोक आधी हसायचे आणि मग जे सांगायचे ते वहीत जायचं.

एक ट्रकवाला लॉकअपमध्ये दोन रात्री काढून आलेला. "कडी बाहेरून. चप्पल काढून घेतली, पट्टाही घेतला. दिवा? दिवा मालवतच नाहीत हो. झोपेत पापण्यांवर उजेड." तुरुंगातून आलेला म्हणाला, की दिवा वेळेवर जातो, पण घालवणारा कधी दिसत नाही. साथीच्या वॉर्डात कोंडलेल्या नर्सने सांगितलं, की चप्पल आपली, दिवाही आपणच मालवायचा, फक्त मालवावासा वाटत नाही. ओपन जेलमधला एक माळी म्हणाला, "कडीच नाही. मनात आलं तर पळता येतं." "मग पळाला का नाहीत?" "पळालो असतो तर कडीवाल्या जेलात टाकलं असतं. एवढा काही मी खुळा नाही." आणि असायलम, म्हणजे वेड्यांचं इस्पितळ, पण मास्तरांच्या कोशाप्रमाणे मुळात जिथून कोणालाही ओढून नेता येत नाही अशी अभयाची जागा. तिथे चार वर्षं काढलेली एक बाई हा अर्थ ऐकून म्हणाली, "नेता येत नसेल. आणता मात्र येतं."

अशी ती वही भरत आली. बाईंचे अर्ज चुकीच्या फाटकावर जायचे थांबले, आणि नाव झालं. आतल्या माणसाचा कागद असेल तर कोंडाबाईंकडे जा, असं वकीलच सांगायला लागले.

काकू आल्या त्या एका मंगळवारी सकाळी. सत्तरीच्या, लहान चणीच्या, हातात लांबट सरकारी पाकीट. त्यांनी ते मास्तरांपुढे धरलं. मास्तरांनी आतला कागद वाचून दाखवला. एक अनोळखी वृद्ध पुरुष रस्त्यावर फिरताना सापडला आहे. नाव सांगू शकत नाही. खिशात घड्याळ दुरुस्तीच्या दुकानाची पावती मिळाली, म्हणून त्या पत्त्यावर हे पत्र. सध्या त्यांना 'रिसेप्शन सेंटर फॉर व्हेग्रंट्स' इथे ठेवलं आहे. नातेवाइकांनी शुक्रवारपर्यंत अर्ज करावा, नाहीतर त्यांना कायमच्या निवासात हलवलं जाईल. ते निवास इथून सव्वातीनशे किलोमीटर.

"हे आमचे मिस्टर," काकू म्हणाल्या. "एकोणीस दिवस झाले. घड्याळजी आहेत ते. अलीकडे विसरायला लागलेत. पण हे व्हेग्रंट म्हणजे काय?"

मास्तर चाचरले. "म्हणजे, भटकणारा. ज्याला घरदार नाही असा."

"भणंग म्हणा ना सरळ!" काकू कडाडल्या. एवढ्याशा देहातून एवढा आवाज निघेल असं कोणाला वाटलं नव्हतं. "अर्ध्या गावाच्या मनगटावरची घड्याळं त्यांनी चालवली. चाळीस वर्षं! आणि त्यांना भणंग म्हणता?" आणि तिथेच बाकावर बसून रडायला लागल्या.

बाईंनी पाण्याची बाटली पुढे केली. रिसेप्शन सेंटर. हा शब्द वहीत नव्हता. रिसेप्शन हॉटेलात असतं, दवाखान्यात असतं, तिथे टेबलामागे कोणीतरी हसून विचारतं, काय मदत करू. मास्तर म्हणाले, अक्षरशः भाषांतर केलं तर स्वागत केंद्र. "बाहेरून कुलूप घालतात आणि स्वागत म्हणतात? कमालच आहे," बाई पुटपुटल्या. पण कुलूप असतं की नसतं हे तरी कुठे ठाऊक होतं? आणि अर्जात काय मागायचं? सुटका मागायची, भेट मागायची की ताबा?

"काकू, या शब्दाचा अर्थ मला ठाऊक नाही. कळल्याशिवाय मी टाइप करत नाही."

"अगं बाई, शुक्रवार तीन दिवसांवर आलाय!"

"म्हणून तर उद्याच तिथे जाऊन बघू. मी येते तुमच्याबरोबर."

आता खरं सांगायचं तर यात निम्मी माया होती आणि निम्मी उत्सुकता. नवा शब्द मिळाला की बाईंच्या बोटांना खाज सुटायची. आजवर त्यांनी एकही जागा स्वतः आत जाऊन पाहिली नव्हती. बुधवारी त्यांनी टाइपरायटरवर झाकण घातलं, मास्तरांना टेबलाकडे लक्ष ठेवायला सांगितलं आणि वही पिशवीत घातली.

बसने पाऊण तास लागला. गावाच्या टोकाला एक जुनं गोदाम, त्याला नुकताच पिवळा रंग दिलेला. मोठ्या लाकडी दारात माणूस वाकून जाईल एवढं लहान दार कापलेलं. बाईंची नजर आधी तिथेच गेली. कडी बाहेरून, लोखंडी, आणि शेजारी स्टुलावर चौकीदार. आत शिरल्या शिरल्या लाकडी मांडणीत नंबर घातलेल्या चपलांच्या जोड्या. बाईंनी मनात टिपून घेतलं आणि मग स्वतःचीच लाज वाटली, कारण काकूंनी त्यांचा हात गच्च धरला होता.

अधीक्षक किडकिडीत होते, स्वेटर घातलेले, आवाज बसलेला. पण माणूस वाईट नव्हता. "तुमच्या मिस्टरांनी आमच्यावर उपकार केलेत," ते म्हणाले. भिंतीवरच्या घड्याळाकडे त्यांनी बोट दाखवलं. "हे गेली कित्येक वर्षं वीस मिनिटं मागे होतं. यांनी स्टुलावर चढून ते उघडलं आणि दुरुस्त केलं. तेव्हा आम्हाला कळलं, की आमची ड्युटी रोज वीस मिनिटं उशिरा सुटत होती. कोणाला पत्ताच नाही!"

काकू त्या घड्याळाकडे बघून रडता रडता हसल्या. "तेच ते," म्हणाल्या. "स्वयंपाकघरातलंही असंच उघडून ठेवतात."

"पण एक सांगतो," अधीक्षकांनी खुर्ची पुढे ओढली. "फोटो आणलात, पावती आणलीत, माझा तुमच्यावर विश्वास आहे. पण गेल्या वर्षी एका म्हाताऱ्याला त्याचा सख्खा पुतण्या घेऊन गेला. सगळे कागद चोख. आठ दिवसांत म्हातारा परत फाटकाशी, पाठीवर वळ. तेव्हापासून माझा नियम आहे. माणूस स्वतःच्या तोंडाने जातो म्हणाला, तरच सोडतो. नाहीतर शुक्रवारी गाडी येईल."

चौकीदार काकांना घेऊन आला. उंच, ताठ, दाढी केलेली, अंगात धुतलेला ढगळ शर्ट, पायात दोन बोटं मोठी चप्पल. काकू उठल्या. "अहो," एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

काकांनी अदबीने मान लववली. "नमस्कार. कोणतं घड्याळ आहे?"

 काकूंनी घसा साफ केला. "अहो, मी."

"ओळखता का यांना?" अधीक्षकांनी विचारलं.

काकांनी प्रामाणिकपणे निरखून पाहिलं. "दुकानात येत असतील. राग मानू नका, मला गिऱ्हाइकं लक्षात राहत नाहीत. घड्याळ दाखवा, लगेच सांगतो."

काकूंचा चेहरा पांढराफटक पडला. बाईंना ते बघवेना. काहीतरी बोलायला हवं, काकांना बोलतं करायला हवं, म्हणजे कुठूनतरी घर आठवेल. आणि त्यांच्या तोंडून अठ्ठावीस वर्षांच्या सवयीने जे निघायचं तेच निघालं.

"काका, इथे कडी कुठल्या बाजूला आहे हो?"

"बाहेरून." काकांचे डोळे एकदम चमकले. कारागिराला कामाचं विचारलं होतं ना. "लोखंडी आहे. सैल झालीये, दोन स्क्रू बदलायला हवेत. मी सांगितलंय यांना."

"आणि चप्पल?"

"यांची. मोठी होते."

"दिवा कोण मालवतं?"

"हा चौकीदार. नऊ वाजता. आता बरोबर नऊला." त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "तिथेही तसंच होतं."

"कुठे, काका?"

"याच्या आधी होतो तिथे. तिथेही कडी बाहेरूनच. पितळेची, नवी कोरी. चपला लपवून ठेवायच्या. एक बाई यायची आणि दिवा मालवून जायची. चांगली होती, जेवायला वेळेवर द्यायची. पण आतून कितीही हाका मारल्या तरी ओ द्यायची नाही."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. बाईंना वाटलं, आत्ता या क्षणी जमिनीने पोटात घ्यावं. अधीक्षकांनी हातातलं पेन खाली ठेवलं आणि काकूंकडे बघितलं.

"ती बाई मीच," काकू म्हणाल्या. त्यांनी काहीच लपवलं नाही. "कडी मीच बसवली. दोन वर्षं झाली. पहिल्यांदा गेले ते नाक्यावर सापडले. दुसऱ्यांदा कालव्यावर सापडले, पाय पाण्यात सोडून बसलेले. साहेब, घरात मी एकटी. बाजारात जाऊ की यांच्यामागे फिरू? इकडे आड, तिकडे विहीर. ओ दिली असती तर दार उघडल्याशिवाय राहवलं नसतं मला. म्हणून नाही दिली. दाराबाहेर तोंडात बोळा कोंबून बसायचे मी."

"मग निघाले कसे?"

"बिजागऱ्या काढल्या आतून, त्यांच्या त्या घड्याळाच्या स्क्रूड्रायव्हरने. दार भिंतीला नीट टेकवून ठेवलं, स्क्रू वाटीत काढून ठेवले आणि अनवाणी गेले." हे सांगताना त्या बापडीच्या आवाजात थोडा अभिमानही होता, काय करणार.

अधीक्षकांनी कागद सारखे केले. "काकू, मी तुम्हाला दोष देत नाही. पण मी यांना एका कुलपातून काढून दुसऱ्या कुलपात देऊ का? तिकडे निदान डॉक्टर आहे, चार माणसं आहेत. शुक्रवारी जाऊ द्या त्यांना."

"साहेब, सव्वातीनशे किलोमीटर," काकू म्हणाल्या आणि मग त्यांचा बांधच फुटला. ओंजळीत तोंड घालून त्या हमसून हमसून रडू लागल्या. बाई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या, आणि मनातल्या मनात त्या वहीला, त्या तीन प्रश्नांना आणि स्वतःच्या बिनहाडाच्या जिभेला शिव्या घालत राहिल्या. सुतारिणीचं तर आठ दिवसांचंच नुकसान केलं होतं. हिचा तर सगळा संसारच घालवला.

काका हे सगळं बघत होते. थोड्या वेळाने त्यांनी खिसे चाचपले. रुमाल मिळाला नाही, तेव्हा ते ओशाळले. मग उठून उभे राहिले आणि अधीक्षकांना हळूच म्हणाले, "साहेब, या बाईंना कोणीतरी घरी सोडायला हवं. इतकं रडू येत असताना माणसाने एकट्याने रस्त्याने जाऊ नये."

अधीक्षक त्यांच्याकडे बघतच राहिले. "तुम्ही सोडता का?"

"सोडतो की. मला कुठे एवढं काम पडलंय? घर दाखवतील ना त्या?"

काकूंनी मान वर केली. डोळे पुसले. "दाखवते," म्हणाल्या.

"हे जातो म्हणाले, असं धरायचं का आपण?" अधीक्षकांनी बाईंना विचारलं.

"धरा साहेब," बाई म्हणाल्या, "तुमच्या पाया पडते, धरा."

अधीक्षकांनी धरलं. पण अट घातली. दाराला बाहेरून कडी लावणार नाही असं अर्जात लिहून द्यायचं, आणि ते न सांगता कधीही येऊन दार बघतील. कडी दिसली की गाडी. ऑफिसातल्या मशीनवर बसून बाईंनी तो अर्ज टाइप केला. आयुष्यात पहिल्यांदा समोर कोणतीच कॉपी नव्हती. काकूंनी सही केली. काकांनी आपली चप्पल मागितली, तर ते अनवाणीच आलेले, तेव्हा चौकीदाराने मोठी चप्पलच देऊन टाकली. बसमध्ये काका काकूंना खिडकीची जागा देऊन स्वतः उभे राहिले, परक्या बाईंना द्यावी तशी.

त्यानंतरचा महिना बाईंना काही सुचेना. कडी नसेल तर हा माणूस घरात राहणार कसा? मास्तर म्हणाले, "राहणार नाही हो. पुन्हा पत्र येईल, बघा." बाईंना रोज डाकवाला दिसला की धस्स व्हायचं. शेवटी एके दिवशी त्यांनी चार वाजताच टेबल आवरलं आणि काकूंचा पत्ता विचारत निघाल्या.

गल्लीच्या तोंडाशी पोचल्या तेव्हा साडेपाच वाजले होते. समोरून काका येत होते. हात मागे बांधलेले, पायात आता बरोबर मापाची चप्पल, चाल झपझप. आणि त्यांच्या मागे पंधरावीस पावलांवर काकू.  बाई धावल्याच. "काकू! अहो, ते चाललेत!"

"रोजच जातात," काकू म्हणाल्या. धाप लागली होती, पण चेहरा शांत होता. "साडेपाच झाले की दुकान बंद करायची वेळ. मग त्यांना घरी जायचं असतं. घरातच असतात, तरी घरी जायचं असतं. पहिल्या दिवशी मी हात धरून ओढलं, तर रस्त्यातली माणसं गोळा झाली, यांना वाटलं मी कोण भलतीच. तुमचे ते साहेब येऊन गेले हो दोनदा. दार बघितलं. कडीची भोकं मी पुट्टीने बुजवलीत."

"आणि तुम्ही रोज अशा मागे मागे फिरता?"

"फक्त त्या वळणापर्यंत. या, चला."

वळणावर एक विजेचा खांब होता. तिथे काका जरा घुटमळले, कुठल्या बाजूला जावं ते ठरेना. काकूंनी केस सारखे केले, दोन पावलं पुढे झाल्या आणि अगदी नव्याने भेटावं तशा म्हणाल्या, "अहो, ऐकता का जरा? मला घरी सोडता का? एकटीने जायची भीती वाटते."

काका लगेच थांबले. तशी त्यांची रीतच होती. कोणी मदत मागितली की हा माणूस नाही म्हणायचा नाही, लग्न झाल्या दिवसापासून म्हटलं नव्हतं, हे काकूंनी नंतर सांगितलं. "चला ना," ते म्हणाले. "रस्ता तुम्ही दाखवा. मी या बाजूला नवीन आहे."

दोघं वळली. बाई मागेच राहिल्या. पण गल्ली अरुंद होती आणि बोलणं ऐकू येत होतं.

"घरी कोण असतं तुमच्या?" काका विचारत होते.

"मिस्टर असतात."

"मग जरा पटपट चला," काका म्हणाले, "वाट बघत असतील ते."